मुकी गाठ

डोळा लागण्याआधी हातातली वस्तू जड होत जाते. चारूच्या मांडीवरची माळ तशी जड होते आहे. भोरच्या बाजारपेठेत जेवणवेळ टळून गेली आहे, दुकानांची दारं अर्धी लोटलेली आहेत, समोरच्या भांडीवाल्याचं मांजर पायरीवर अंग टाकून पडलं आहे, आणि डोक्यावरचा पंखा दर फेऱ्याला एकदा कुरकुरतो आहे. नुसते डोळे मिटायचे, झोपायचं नाही, असं चारू स्वतःला बजावते. असं बजावणारी माणसं जशी झोपतात तशीच तीही गादीवर हळूहळू कलते आहे.

पण ती पुरती झोपण्याआधी ही माळ कसली ते सांगायला हवं.

चारुशीला पटवेकर पुण्याला एका वस्तुसंग्रहालयात नोकरी करते. काचेच्या कपाटांत जुन्या वस्तू मांडलेल्या असतात, त्यांच्या पुढ्यातल्या चिठ्ठ्यांचा मजकूर ती लिहिते. हे दुकान तिच्या आईचं, गोदाक्काचं. पटवेकरी दागिना घडवत नाहीत. घडवतो सोनार, पटवेकरी तो गाठवतात. सुटे मणी दोऱ्यात ओवायचे, गोंडे बांधायचे आणि शेवटची गाठ मारून दागिना गळ्यात घालण्याजोगा करायचा, एवढंच त्यांचं काम. गोदाक्काला जाऊन आता सव्वा महिना होत आला.

मांडीवरच्या माळेत सोनं नाही, चांदी नाही. सावरदरीच्या डोंगरावर गुंजाई नावाची देवी आहे, तिची ही माळ. लाल-काळ्या गुंजा, घासून गुळगुळीत केलेल्या बोराच्या आठळ्या, चिंचोके, रिठ्याच्या काळ्याभोर बिया, सगळं त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावरचं. देवीला धातू चालत नाही. जुनी माळ वाढली की गुरव बियांचं गाठोडं आणून देतो आणि गोदाक्का नवी ओवते. वाढली असंच म्हणायचं. पटवेकऱ्याच्या घरात माळ कधी तुटत नाही.

त्या घरात आणखीही एक रीत आहे. जिनं ओवलं तिनं गाठ मारायची नाही. ओवणारी माळेचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवते आणि मागं रेलून ताण देते; दुसरीनं समोर बसून गाठ मारायची. "असं का गं?" चारूनं लहानपणी विचारलं होतं. "म्हणजे दिवसभर कितीही भांडलं तरी संध्याकाळी एकमेकींपुढं बसावं लागतं," गोदाक्का म्हणाली होती.

गाठीही दोन. बोलती गाठ एक टोक ओढलं की सुटते. ती कच्च्या कामाची. मुकी गाठ पक्क्या कामाची. ती ओढून सुटत नाही आणि तिला कातर लावायची नाही. सोडायची वेळ आलीच तर ओली करून, दातांनी, धीरानं सोडवायची. देवीच्या माळेला शेवटी बसते ती मुकी गाठ, तीही लाल दोऱ्याची. हा दोरा गोदाक्का स्वतः मंजिष्ठेच्या मुळांच्या काढ्यात रंगवायची आणि मेणातून ओढून घ्यायची.

या वेळची माळ तिनं ओवून ठेवली, रविवारी चारू येईल म्हणून टोकं मोकळी ठेवली, आणि रविवारच्या आत ती गेली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्या पायांचे दोन्ही अंगठे पट्टीनं कसेबसे एकत्र बांधलेले होते. रीतच असते ती. चारूला ती पट्टी बघवली नाही. तिनं ती काढली आणि रिळावर उरलेल्या वीतभर लाल दोऱ्यानं अंगठे पुन्हा बांधले. हात आपोआप चालले. बांधून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, पडली ती मुकी गाठ. तोवर माणसं पुढं सरकली होती. चितेवर ठेवण्याआधी हा बंध सोडतात. पुढं सगळं केलं ते शेखरदादानं, चुलतभावानं. त्याला पटवेकऱ्याची गाठ सुटली असेल का? चारूनं त्याला एकदोनदा फोन लावला आणि प्रत्येक वेळी भलतंच काही बोलून ठेवून दिला. "नाही सुटली" हे ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं वाटलं.

आज सकाळी गुरवाचा, दगडूमामांचा फोन आला.

"ताई, झाली का वो माळ?"

"झाल्यातच जमा आहे. आईचा दोरा संपलाय, गाठ तेवढी राहिलीय."

"गाठ ऱ्हायली म्हंजी सगळंच ऱ्हायलं की. सांजच्या एस्टीनं येतो. देवीचा गळा बोडका हाय, अन् गावातल्या बाया माझ्याकडं अशा बघत्यात, जनू मीच माळ इकून खाल्ली."

"या. देते."

देते म्हणाली खरी. बाजारातून लाल दोऱ्याचं रीळ आणलं; त्याचा कागदही अजून काढलेला नाही. सकाळपासून माळ मांडीवर घेतली, ठेवली, परत घेतली. गाठ मारली की आईच्या हातचं उरलेलं शेवटचं काम संपलं. नाही मारली तर गुरव रिकाम्या हातानं डोंगर चढणार. दोन्ही तिला कळतं, आणि हात चालत नाहीत.

पंखा कुरकुरायचा थांबतो.

"ताणून धर गं," आई म्हणते.

चारू डोळे उघडते, किंवा उघडत नाही. आई आपल्या जागेवर बसलेली आहे. पाठ कपाटाला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मोडक्या दांडीला गुंडाळलेला पांढरा दोराही तसाच. लुगड्याचा घोळ पायांवरून पसरलेला आहे. तिला बघून चारूला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते याचं, की दुकानात उजेड आहे आणि तो कुठूनच येत नाही.

"कधी आलीस?" चारू विचारते.

"मी कुठं गेले होते? पुण्याला तू असतेस."

"हो."

"वाळलीस. तिकडं स्वयंपाक करतेस का नुसती पुस्तकं वाचतेस?"

"दोन्ही करते."

"मग भाजी करपत असेल."

आई हात पुढं करते. चारू माळेचं एक टोक तिच्या हातात देते आणि दुसरं आपल्या चिमटीत घट्ट धरून ठेवते. त्या टोकाला गाठ नाही. चिमूट जरा सैल पडली तरी बिया एकामागून एक निसटतील, हे तिला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. आई बोटांनी बिया चाचपत जाते, एकेकीशी ओळख करून घेत असल्यासारखी.

"दोरा कुठला आणलास?"

चारू बाजारचं रीळ दाखवते.

"अगं बाई. हा बँडवाल्याच्या कोटाला लाव."

"तुझा संपला."

"संपला कसा? वीतभर होता की रिळावर."

चारू रीळ परत खाली ठेवते. तो दोरा कुठं गेला हे दोघींपैकी एकीला नक्की माहीत आहे. दुसरीला माहीत आहे की नाही, हे विचारायची तिची छाती होत नाही. तिची नजर लुगड्याच्या घोळाकडं घसरते. ती नजर वर ओढून आणते.

"पायाकडं काय बघतेस?"

"काही नाही."

गादी तापली आहे. तापलेला कातळ आहे तो, आणि त्याच्या कडेनं बोरीची झुडपं आहेत, काट्यांत वाळकी पानं अडकलेली. वरच्या वेलीवर शेंगा उकलल्या आहेत आणि त्यांतून गुंजा डोळे वटारून बघत आहेत. सावरदरीचा डोंगर. आई बसली होती तशीच बसलेली, घोळ पायांवरून तसाच, मांडीशी बियांचा ढीग. हा डोंगर चढायला उभा आहे, आणि गोदाक्काचे गुडघे तर केव्हाच गेले होते.

"इथवर कशी आलीस? चालत?"

"चालत कशी येणार?" आई म्हणते, आणि ढिगातून एक आठळी उचलून उजेडात धरते.

रानात वारा नाही, पाखरू नाही.

"ही बघ," आई म्हणते. "आधी आपल्या बायका ही घालायच्या. मग कुणा सोनाराच्या पोरानं बघितली नि सोन्यात केली. झाली बोरमाळ. चिंचपेटी घे, जोंधळी पोत घे, बकुळीहार घे. नावं सगळी रानातली. सोनं मागाहून आलं आणि नावं ढापून बसलं."

"शंभरदा सांगितलंयस मला."

"शंभरदा ऐकलंस, मग लिहिलंस का कुठं?"

"चिठ्ठी चार ओळींची असते, आई. पाचवी लिहिली की साहेब खोडतात."

"मग चौथी तू खोड, आणि ही घाल."

चारूला हसू येतं, आणि हसताना चिमूट हलेल या भीतीनं ती ते गिळते. आई आता रिठ्याची बी हातात घेऊन बसली आहे. काळी, चकचकीत, गोल.

"काचेचे काळे मणी कालपरवा आले. आधी बाळाच्या मनगटाला हीच. तुझ्या होती. दोरा चावून चावून तोडलास, आणि बी गिळलीस. दोन दिवस मी लंगोट तपासत बसले होते."

"सापडली?"

"सापडली. धुतली. याच माळेत असेल कुठंतरी."

"देवीच्या?"

"देवीला काय सांगायला जातेय कोण."

खालून, घाटाच्या वळणावरून, एसटीचा हॉर्न येतो. त्या आवाजानं चारूचा हात दचकतो आणि चिमटीतून एक गुंज निसटते. कातळावर पडून तिचा जो आवाज होतो तो कातळावरचा नाही, फरशीवरचा आहे. टक्.

"सांडायला लागली," आई म्हणते.

फरशीच आहे ही. संग्रहालयाचं लांब दालन, दोन्हीकडं कपाटं, आणि गुंज उड्या मारत त्यांच्या मधून दूर जाते आहे. तिच्यामागं धावायचं तर माळ सोडावी लागेल. आई काचेच्या आत आहे. तिच्या आजूबाजूला नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या उजाड वस्तीच्या, टेकाडातून निघालेले मणी मांडलेले आहेत, शंखाचे, हाडाचे, भाजक्या मातीचे. माळेचा दोरा काचेच्या फटीतून बाहेर आलेला आहे, एक टोक आत आईच्या हातात, एक बाहेर चारूच्या. आईच्या पायांपुढं चारूनं लिहिलेली चिठ्ठी उभी केलेली आहे, त्यामुळं पाय दिसत नाहीत. चिठ्ठीवर अक्षरं आहेत, पण वाचायला गेलं की ती बियांसारखी गडगडतात.

गोदाक्का या दालनात एकदाच आली होती. शंखाच्या मण्यांच्या माळेपुढं बराच वेळ उभी राहून म्हणाली होती, "बाई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गळ्यात नायलॉन." दाराशी बसलेला शिपाईसुद्धा हसला होता. आता इथं शिपाई नाही. त्याच्या खुर्चीवर नुसती टोपी आहे.

"हिचा दोरा कुठं गेला?" काचेतून आईचा आवाज लांबून आल्यासारखा येतो.

"कुजतो. मणी उरतात, दोरा उरत नाही."

"आणि गाठ?"

"गाठ दोऱ्याचीच. तीही जाते."

"कुणीतरी समोर बसून मारली असेल ना ती?"

"असेल."

"मग तेवढं तरी लिही की."

टक्. एक चिंचोका. टक्. चारू चिमूट आवळते, पण दोरा मेणचट आहे आणि बोटांना घाम आला आहे. आवळावं तितका तो जास्त सरकतो. हॉर्न पुन्हा वाजतो, या वेळी रस्त्यावर, अगदी बाजाराच्या तोंडाशी.

"आई, ताण दे. निसटतायत सगळ्या. पायाला लाव."

आई हलत नाही.

"पायाला लाव ना."

"माझा अंगठा मोकळा नाही," आई म्हणते. "तुझा दे."

काच नाही. फिनेलचा वास आहे, हिरव्या पडद्याची कड आहे, आणि लोखंडी खाटेवर आई पाय लांब करून बसली आहे. लुगड्याच्या जागी पायांवर दवाखान्याची चादर आहे. खाटेच्या उशाशी सलाइनची बाटली टांगलेली आहे आणि तिच्या नळीतून थेंबांच्या जागी गुंजा उतरत आहेत, एक, मग थांबून एक. चारू नळीकडं बघत राहते, कारण चादरीकडं बघायचं नाही.

"मी ताण दिला तर गाठ कोण मारणार?" ती म्हणते. तिचा आवाज तिला अनोळखी वाटतो. "तू ओवलंयस. तुला चालत नाही."

"नाहीच चालत."

"मग?"

"ते तू बघ. पाय तू बांधलेस."

आई हे रागानं म्हणत नाही. संध्याकाळी दुकानात 'दिवा तू लावलास' म्हणावं, तसं म्हणते. राग असता तर उत्तर देता आलं असतं.

ती चादर वर करते.

अंगठे एकमेकांना टेकून आहेत. मधोमध लाल दोऱ्याचे वेढे, आणि वर गाठ, गुंजेएवढी, गोल, टोकं आत दडवलेली. सुबक पडली आहे, असं तिच्या मनात येतं आणि त्या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"चांगली पडलीय," आई वाकून बघत म्हणते. "हात गेला नाही तुझा."

"आई."

"खरं ते सांगितलं."

खाटेशेजारी पत्र्याच्या ताटलीत कातर आहे. चारूचा हात तिकडं जातो.

"कातर?" आई म्हणते. एवढंच.

हात परत येतो. गाठीला दोन हात लागणार आणि दात लागणार. एका हातात माळेचं मोकळं टोक आहे.

"हे सोडलं तर माळ सांडेल."

"हं."

"देवीची आहे."

"हं."

"दगडूमामा पोचतच असतील. त्यांना काय सांगू?"

"त्याला माळ दिसेल. पाय कुठं दिसणारेत?" आई चष्म्यावरून तिच्याकडं बघते. "तुला काय दिसतंय ते बघ."

पडद्यापलीकडं पावलं वाजतात. कुणीतरी खाट न्यायला आलं आहे. त्यांच्या चपला फरफटतात, थांबतात, पुन्हा फरफटतात. नेल्यावर फार वेळ मिळत नाही, हे चारूला एकदा माहीत झालेलं आहे. ती मोकळं टोक आईच्या तळहातावर ठेवते आणि आईची बोटं त्यावर मिटवते. बोटं गार नाहीत, गरम नाहीत. सुईनं खरखरीत झालेली, तशीच आहेत.

"धर."

"धरते. पण लवकर कर, माझ्या हातात काही फार वेळ राहत नाही आता."

चारू खाटेच्या पायथ्याशी वाकते. कपाळ आईच्या पावलांना टेकतं. गाठ दातांत धरते. मेण, आणि मेणाखाली मंजिष्ठेची कडवट चव. ओढते. गाठ हलत नाही. दुसऱ्या बाजूनं धरते. हलत नाही. वर आईच्या मुठीतून टक्, टक्, बिया पडू लागतात.

"सुटत नाही."

"कोरडी कशी सुटेल? ओली कर. विसरलीस का सगळं?"

"पायाला थुंकी कशी लावू?"

"लहानपणी पदराला शेंबूड पुसलास तेव्हा नाही विचारलंस."

पावलं पडद्याशी येऊन थांबतात. पडद्याच्या खाली चपलांची टोकं दिसतात. चारू डोळे मिटून घेते. ती गाठ जिभेनं भिजवते, ओठांत धरून ठेवते, थांबते. घाई करायची नाही, मुकी गाठ घाईनं आणखी मुकी होते, हे तिला याच बाईनं शिकवलं होतं, जोंधळ्याएवढ्या गाठी बांधून आणि सोडवून घेऊन, सबंध उन्हाळ्याच्या सुट्टीत. ती आतली टोकं जिभेनं शोधते. एक सापडतं. ते ओढायचं नाही, ढकलायचं. उलटं, आत, जिथून आलं तिकडं. दोऱ्याचा एक वेढा दुसऱ्यापासून केसाएवढा दूर होतो. ती पुन्हा ढकलते.

गाठ सैल पडते.

अंगठे वेगळे होतात. लांबच्या प्रवासाहून आलेलं माणूस वहाणा काढल्यावर करतं तशी आई दोन्ही पावलं जरा फाकवते आणि बोटं हलवून बघते. "हां," ती म्हणते. "आता बरं."

पडदा नाही, खाट नाही. दुकान आहे. सांडलेल्या बिया कुठं गेल्या कोण जाणे, माळ भरलेली आहे. आई माळेचं एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवते, पाठ कपाटाला लावते आणि मागं रेलते. माळ दोघींच्या मध्ये ताठ होते. गुंज, चिंचोका, आठळी, रिठ्याची बी, सगळ्या एका रांगेत उभ्या राहतात.

"मार," आई म्हणते.

चारूच्या दातांत लाल दोरा आहे. ती मोकळी टोकं जुळवते आणि दोन्ही हातांनी जागा धरते. मग तशीच थांबते. आईच्या कानातल्या कुड्या, कपाळावरचं फिकट गोंदण, चष्म्याच्या दांडीवरचा दोरा, हे सगळं ती नीट बघून घेते. तेवढ्यात तिला कळतं की आपण ते एखाद्या चिठ्ठीसाठी बघावं तसं बघतो आहोत.

"ही मारली की तू उठशील?"

बाहेर एसटीचं दार आपटतं.

"जरा थांबूया का? दगडूमामा अजून दाराशी आले नाहीत."

"ताण धरून पाय भरून येतो गं," आई म्हणते.

"ताई?"

पंखा कुरकुरतो आहे. उन्हाची तिरीप पायरीवरून आत गादीपर्यंत आली आहे आणि मांजर उठून गेलं आहे. माळ चारूच्या मांडीवर आहे, भरलेली, टोकं मोकळी. समोर कपाटाला टेकून कुणी बसलेलं नाही. बाजारचं रीळ कागदात तसंच आहे.

"ताई, झोपला व्हता का? आधी पानी द्या. त्या एस्टीत मानसं भरत्यात का भुईमुगाच्या शेंगा, काय कळत न्हाई." दगडूमामा पायरीवर बसून टोपीनं वारा घेत आहेत.

चारूला उत्तर द्यायचं आहे, पण तोंडात काहीतरी आहे. दातांच्या फटीत अडकलेलं. ती बोट घालून ते काढते आणि तळहातावर ठेवते. वीतभर लाल दोरा. मेणचट, ओला, कडवट. सरळ नाही तो. गाठीत फार दिवस आवळून राहिलेला दोरा सोडल्यावर असतो तसा मधोमध नागमोडी वळलेला आहे.

ती दोरा बाजारच्या रिळाशेजारी ठेवते. मग उठते, माठातलं पाणी तांब्यात घेऊन दगडूमामांना देते, आणि परत येऊन बसते.

"मामा, जरा पुढं या. हे टोक अंगठ्यात अडकवा आणि मागं रेला."

"देवीची माळ, अन् माझ्या पायाला?"

"आईच्याही पायालाच असायची."

"अक्कांची गोष्ट येगळी. मी हातातच धरतो, पाप नको." ते टोक मुठीत घेतात आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून ओढतात. माळ ताठ होते. त्यांची नजर चारूच्या बोटांवर पडते. "अक्कांचा दोरा हाय न्हवं ह्यो? संपला म्हनला व्हता तुमी."

"वीतभर निघाला."

ती वेढा घेते. दुसरा घेते. दोरा जिथं वळला आहे तिथंच तो वळायला राजी असतो, तिला फारसं काही करावं लागत नाही. टोकं आत दडवते. कापायला काही उरत नाही.

"हात भरून आला वो ताई," दगडूमामा म्हणतात. "पडली का गाठ?"

"पडली," चारू म्हणते. "सोडा आता."